काडतूस अडकतं कुठे

२० एप्रिल २०२४, शनिवार. ट्रॉय

आज नेमबाजीच्या मॅचमध्ये माझ्या बायकोची, संघमित्राची, रायफल अडकली. चौथ्या स्टेजला, म्हणजे चौथ्या फेरीला, सातव्या काडतुसावर. टायमर चालू, समोर स्टीलच्या पाट्या, मागे क्लबातली मंडळी काउबॉयांचे जुन्या काळातले हॅट-बूट घालून उभी, आणि ही ट्रिगरखालची लिव्हर हातात धरून थांबलेली. ट्रिगर दाबला तर नुसतं टक. पुन्हा लिव्हर ओढली तर काडतूस वाकडं होऊन बसलेलं. ते काढेपर्यंत स्टेज हातची गेली.

काडतुसं मी भरलेली. म्हणजे दोष माझा, असं सगळ्यांना वाटलं असणार. कोणी काही बोललं नाही. लोक बोलत नाहीत तेव्हाच मला जास्त ऐकू येतं.

फेब्रुवारीत प्लांटने आमचं क्वालिटी डिपार्टमेंट बंद केलं. त्यानंतर काही आठवडे मी पलंगावरून उठलोच नाही म्हणायला हरकत नाही. मग संघमित्रा म्हणाली, "अहो, यंदा माझी सगळी काडतुसं तुम्हीच भरा ना." तेव्हापासून बेसमेंटमधलं टेबल हेच माझं ऑफिस. प्रेस, डाय, तराजू, कॅलिपर. वापरलेल्या पितळी केस, म्हणजे काडतुसांची रिकामी टरफलं, धुवायच्या, बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर शिशाची गोळी, आणि शेवटी केसचं तोंड गोळीभोवती आवळायचं. बाबा नागपूरला ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, पण हे काम त्यांनी नाही शिकवलं. मीच पुस्तकं वाचून शिकलो.

लिव्हर रायफलचे लाड फार. काडतूस जरा लांब झालं तर ते वर उचलणाऱ्या पाळण्यात मावत नाही. आखूड झालं तर मागच्याचं नाक आत घुसतं. तोंड नीट आवळलं नाही तर बॅरलखालच्या, काडतुसं ओळीने बसतात त्या नळीतल्या स्प्रिंगच्या दाबाने गोळी केसमध्ये मागे सरकते. चूक व्हायला जागा भरपूर. पण मी एकेक काडतूस मोजलं होतं. एकही मापाबाहेर नव्हतं.

येताना गाडीत रवी म्हणाला, "भाऊ, काडतुसांचं नाही हो काही. होतं कधी कधी." फार घाईने म्हणाला.

रवी मेश्राम हॉस्पिटलमध्ये एमआरआय मशीन चालवतो. विहारात ओळख झाली. माझाच प्रेस तोही वापरतो, गॅरेजचा कोड त्याला माहीत आहे. मला भाऊ म्हणतो, संघमित्राला ताई.

२३ एप्रिल, मंगळवार

टोपी आणि दारू न घालता खोटी काडतुसं बनवली. मॅचसाठी करतो तीच लांबी, तसंच आवळलेलं तोंड. दुपारभर रायफलमधून फिरवली. एकदाही अडकलं नाही. लोण्यासारखी लिव्हर चालते.

संघमित्राला वर हाक मारली, "खाली येऊन तू फिरवून बघ." म्हणाली, भाजी जळेल. नंतर म्हणाली, लसूण सोलून द्या. लसूण सोलला. खाली ती आलीच नाही. जिच्यासाठी एवढं करतो तिला काही पडलेली नाही.

१८ मे, शनिवार

गोळी बदलली होती. आधीच्या गोळीला खांद्याशी धार होती, आता गोल खांद्याची, चपट्या नाकाची घेतली. डाय पुन्हा बसवली. तरी आज तीनदा अडकलं.

टायमर धरणारा म्हातारा मला बाजूला घेऊन म्हणाला, "शी इज शॉर्ट-स्ट्रोकिंग इट." म्हणजे ती लिव्हर पूर्ण उघडत नाही. मी हसून सोडून दिलं. संघमित्रा सहा वर्षं नेमबाजी करते आहे, मागच्या साली बायकांमध्ये दुसरी आली होती. 'नागपूर ऑरेंज' हे तिचं क्लबातलं नाव. ती स्टेजवर आली की लोक गप्पा थांबवायचे. तिला लिव्हर उघडता येत नाही म्हणे!

मात्र एक गोष्ट बघितली. स्टेजच्या आधी तिची काडतुसं नळीत रवी भरत होता. ती बाजूला हात खिशात घालून उभी. आधी ती कोणाला रायफलला बोट लावू देत नसे. मला पाहिल्यावर रवी म्हणाला, "ताई जरा घाईत होत्या." घाई कसली? तिच्या आधी चार जण होते.

१९ मे, रविवार

नवीन काडतुसांच्या बुडाला हिरव्या मार्करने ठिपका दिला. अडकलेलं काडतूस बिनठिपक्याचं निघालं तर कोणीतरी बदलतं आहे. काडतुसांच्या कपाटाच्या दाराला आडवा दोरा लावला, कोणी उघडलं तर तुटेल असा.

प्लांटमध्ये शिकलो ते हेच. पार्ट चांगला आहे आणि मशीन चांगलं आहे, तरी माल खराब येतो, तेव्हा मधल्या माणसाकडे बघायचं.

१५ जून, शनिवार

दोनदा अडकलं. दोन्हीवर हिरवा ठिपका. म्हणजे माझीच काडतुसं. बदललेली नाहीत.

मग रायफल? घरी आल्यावर उघडून साफ केली, प्रत्येक स्क्रू पाहिला. काहीच नाही. दोरा मात्र गुरुवारी तुटलेला होता. सकाळी मीच कपाट उघडलं होतं का, आठवत नाही. रवी बुधवारी आला होता हे आठवतं.

बुधवारचं अजून एक. त्या दिवशी दुपारी संघमित्राच्या फार्मसीत फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, ती लवकर निघाली. "शी लीव्ह्ज अर्ली ऑन वेन्सडेज." घरी आली सहाला. मी विचारलं, आज उशीर? म्हणाली, "स्टॉक मोजायचा होता." मी पुढे काही विचारलं नाही. काही वेळा विचारलं की समोरचा सावध होतो.

२० जून, गुरुवार

आज डोकं शांत ठेवून लिहितो.

ती हल्ली फोनवर टाइप करत नाही. फोन तोंडाजवळ धरून बोलून मेसेज पाठवते, आणि मी खोलीत आलो की थांबते. नवीन कपडे घेतले, सगळे सैल, डोक्यातून घालायचे. बटणांचे शर्ट एका पिशवीत भरून ठेवलेत, देऊन टाकायला. लेसचे बूट गेले, पाय सरकवायचे बूट आले. साठीकडे झुकलेली बाई अचानक कपाट बदलते ते कोणासाठी? गाडी चालवायला मला सांगते, आणि रवी बरोबर असला की त्याला. माझ्याजवळ बसली की हात ओढणीखाली.

लेकीला, पायलला, सांता क्लाराला फोन केला. आईचं काय चाललंय, तुझ्याशी काही बोलते का? ती म्हणाली, "बाबा, यू शुड आस्क हर. नाइसली." पोरगी काहीतरी जाणते.

१३ जुलै, शनिवार

आज मी फोनवर शूटिंग केलं. घरी आल्यावर मोठ्या टीव्हीवर हळू करून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

म्हातारा खरं बोलत होता. पहिल्या चार वेळेला लिव्हर पूर्ण खाली जाते. मग कमी कमी होत जाते. सातव्या वेळेला दोन बोटं अंतर राहतं. तेवढ्याने पाळणा वर येत नाही, काडतूस चेंबरपर्यंत पोचतच नाही. काडतुसात दोष नाही. माझ्या कामात दोष नाही!

पाच मिनिटं फार बरं वाटलं. मग लक्षात आलं. जिचा हात इतकी वर्षं झटक्याने उघडायचा, तो आता उघडत नाही, याचा अर्थ ती उघडत नाही. मुद्दाम. मी रोज खाली बसून बनवतो ते फुकट जावं, मी कंटाळून हे सगळं बंद करावं, म्हणजे तिचे शनिवारही मोकळे.

तिला व्हिडिओ दाखवला नाही. जेवताना फक्त म्हणालो, "हात नीट चालव की जरा." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली. का घातली कोण जाणे. ती म्हणाली, "चालवीन." आणि पोळी तोडायची सोडून चमच्याने वरणभात खाल्ला.

४ ऑगस्ट, रविवार

लिहायलाच पाहिजे, कारण हे पुढे कोणी वेगळं सांगेल.

बुधवारी दुपारी मी फार्मसीच्या पार्किंगमध्ये जाऊन बसलो. अडीचला रवीची गाडी आली. संघमित्रा बाहेर आली. रवीने उतरून तिच्यासाठी दार उघडलं, पट्टाही लावून दिला. मी मागे गेलो नाही. गेलो असतो तर बरं झालं असतं, निदान पुरावा मिळाला असता.

आज सकाळी तो काडतुसं भरायला आला. मी विचारलं, "बुधवारी कुठे होतास?"

त्याच्या हातात रिकाम्या केसचा डबा होता. तो हळूच खाली ठेवला. "भाऊ, ते ताईंना विचारा."

"मी तुला विचारतोय."

"मला सांगता येत नाही. शब्द दिलाय. आणि माझ्या नोकरीतही ते बसत नाही."

"माझ्या घरात येतोस, माझा प्रेस वापरतोस, माझ्या बायकोला ताई म्हणतोस, आणि तिला गाडीत घालून फिरवतोस. ताई म्हटलं की सगळं चालतं का रे?"

रवीचा चेहरा उतरला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही सगळं मोजता हो. बघत मात्र काहीच नाही." आणि गेला. डबाही इथेच राहिला.

वळलो तर जिन्यावर संघमित्रा. कठडा घट्ट धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. मी म्हणालो, "बुधवारचं जे काही आहे ते बंद कर. आजच्या आज."

तिने फोन तोंडाजवळ नेला आणि इंग्रजीत म्हणाली, की गुरुवारची आठ तारखेची अपॉइंटमेंट कॅन्सल करा. मला म्हणाली, "झालं? आता बसा काडतुसं करत."

गॅरेजचा कोड बदलला. कसली अपॉइंटमेंट हे मी विचारलं नाही. केस कापायचीसुद्धा अपॉइंटमेंट असते इथे.

९ ऑगस्ट, शुक्रवार

पायलचा फोन. "बाबा, गन्स लॉक्ड आहेत ना? प्लीज, चावी थोडे दिवस शेजारच्यांकडे दे." मी म्हणालो, कशाला? रायफली तिजोरीत आहेत, मी काय वेडा आहे? ती रडायला लागली. म्हणाली, "यू साउंड सो अँग्री, आणि दिवसभर बेसमेंटमध्ये असतोस." आईने तिचे कान भरलेत. मी कोणाला कधी साधी टपली मारली नाही.

तरी चावी शेजारी देऊन आलो. का दिली, कळत नाही. परत येताना हलकं वाटलं, तेही कळत नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

मॅचला गेलो नाही. ती येत नाही म्हणाली. मी एकटा जाऊन काय करणार, माझी नेमबाजी जेमतेम. टेबलावर भरलेली काडतुसं रांगेत उभी आहेत, सगळी एका उंचीची.

घरात बोलणं कामापुरतं. सकाळी तिच्या हातून स्टीलचा डबा पडला, तांदूळ सगळीकडे. मी म्हणालो, "लक्ष कुठे आहे तुझं?" ती म्हणाली, "इथेच आहे." दोघांनी मिळून तांदूळ गोळा केले. ती बोटांनी उचलत नव्हती, तळव्याने लोटत होती.

२१ सप्टेंबर, शनिवार

हॉस्पिटलमधून लिहितोय, एका कागदी पिशवीच्या मागच्या बाजूवर. घरी गेल्यावर वहीत उतरवीन.

दुपारी ती बेसमेंटचा जिना उतरत होती. माझ्यासाठी चहा आणत होती. कित्येक दिवसांत पहिल्यांदा. मी आवाज ऐकला. ती खालच्या पायरीशी पडली होती, कप फुटलेला, चहा सांडलेला. मी उचलायला गेलो तर म्हणाली, "थांबा. मान हलवू नका माझी." आवाज अगदी शांत, फार्मसीत गिऱ्हाइकाला सांगते तसा. "पाय कुठे ठेवतेय ते मला कळलंच नाही. अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा."

इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरने तिला त्याची दोन बोटं धरायला सांगितली. "स्क्वीझ." ती धरत होती. तो पुन्हा म्हणाला, "स्क्वीझ अ‍ॅज हार्ड अ‍ॅज यू कॅन." ती धरतच होती. मी बघत होतो. मग त्याने मुठी पटपट उघडायला-मिटायला सांगितल्या. पाच-सहा वेळा झाल्यावर उजवी मूठ अर्धीच उघडू लागली.

दोन बोटं अंतर. मी भिंतीला टेकलो.

तिला न्यायला एमआरआयचा माणूस आला तो रवीच. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. वाकून तिला म्हणाला, "ताई, गळ्यातली चेन काढतो हं. आत आवाज मोठा येतो. मी काचेच्या पलीकडेच आहे."

२२ सप्टेंबर, रविवार

मानेत मणक्यांच्या मधल्या चकत्या मज्जारज्जूवर दाबल्या गेल्यात. हात आधी जातात, मग पाय. ऑपरेशन लागेल, शुक्रवारी.

आज तिने सगळं सांगितलं. मानेला कॉलर, त्यामुळे छताकडे बघत बोलत होती. मार्चपासून बोटं बधिर. फार्मसीत गोळ्या मोजताना सांडायला लागल्या. एप्रिलच्या मॅचला रवीच्या लक्षात आलं, कारण तिला काडतूस नळीत ढकलता येईना. त्यानेच मागे लागून डॉक्टरकडे पाठवलं. गाडी चालवायची भीती वाटायची म्हणून तोच न्यायचा. बुधवारी त्याला सुट्टी, म्हणून हाताच्या व्यायामाची वेळ बुधवारची. आठ ऑगस्टला एमआरआय होता.

मी विचारलं, "पायलला माहीत होतं?"

"हो."

"रवीला, पायलला, सगळ्यांना. मला सोडून."

"फेब्रुवारीत तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेले असायचे," ती म्हणाली. "मी जेवायला उठवायला यायची तेव्हा आधी श्वास चालू आहे का बघायची. मग काडतुसं करायला लागलात आणि दाढी करायला लागलात. मी नेमबाजी सोडली असती तर तुम्ही पुन्हा जाऊन झोपला असता. म्हटलं, हा सीझन काढू."

"आणि मी विचारलं तेव्हा? त्या रविवारी?"

"तेव्हा मला राग आला होता. अजून आहे."

थोड्या वेळाने म्हणाली, "आधी सांगितलं असतं, तर तुम्ही मलाही मोजायला घेतलं असतं. रोज सकाळी. आज किती, काल किती. मला ते नको होतं."

मी तेच केलं असतं.

सर्जनला एकटा गाठून विचारलं, ऑगस्टमध्ये आलो असतो तर? तो सांभाळून बोलला. आधी आलेलं चांगलं असतं, पण प्रत्येक पेशंट वेगळा. पाय बहुतेक सुधारतील. हातात किती परत येईल ते सांगता येत नाही. मी सहा आठवड्यांचा फरक किती, असं पुन्हा विचारलं. त्याला आकडा सांगता येत नव्हता, की सांगायचा नव्हता, कळलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं, मग पायलला. पायल सकाळीच विमानाने पोचली होती. दोघी बराच वेळ कुजबुजत होत्या. मी खिडकीपाशी होतो. माझ्याबद्दल बोलत असतील हे डोक्यात आलंच. आलं आणि तिथेच बसलं, पण मी उठून जवळ गेलो नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

रवीकडे गेलो. त्याने दार उघडलं, पण आत ये म्हणाला नाही. मी म्हणालो, "मी फार वाईट बोललो. चुकलो मी."

तो म्हणाला, "मला बोललात त्याचं मी बघून घेईन, भाऊ. ताई जिन्यावर उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्याचं काय करता येईल ते मला माहीत नाही."

"घरी येशील?"

"ताईंना भेटायला येईन."

मी त्याचा डबा आणला होता, तो दिला. त्याने घेतला. चहाचं विचारलं नाही, आणि त्याने विचारायचं काही कारणही नव्हतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलर निघाली. वॉकर लागत नाही. सकाळी तिने स्वतःचं स्वतः दूध गरम केलं. बटणं अजून लागत नाहीत.

आता दर शुक्रवारी फिजिओथेरपी. तिथे एक यंत्र आहे, मुठीत धरून दाबायचं, तबकडीवर काटा फिरतो. पहिल्या दिवशी मी आतच बसलो होतो. थेरपिस्टने आकडा वाचायच्या आधीच माझी मान पुढे गेली होती. संघमित्राने पाहिलं आणि यंत्र मांडीवर ठेवलं.

"तुम्ही बाहेर बसता का?" ती म्हणाली. रागाने नाही.

आज तिने सांगायच्या आधीच मी बाहेर बसलो. आतून थेरपिस्टचा आवाज येत होता, "वन मोर. गुड. वन मोर." शेवटी तो काहीतरी बोलला आणि ती हसली, किंवा खोकली असेल. दारातून नीट कळत नाही. पूर्वीचा मी उठून दाराला कान लावला असता. आजचाही अर्धा उठलो होतो.

ती बाहेर आली. मी तिचा कोट धरला, तिने हात घातले, एक बाही लवकर, एक उशिरा. गाडीपर्यंत चालत गेलो. वाटेत ती थांबली, माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मी आकडा विचारतो का ते पाहायला.

मी दार उघडलं आणि म्हणालो, "जेवायला काय करू?"